पालथं मंडळ

माणसानं आयुष्यात एकदा तरी सृष्टीपुढे सपशेल आडवं पडावं, त्याशिवाय त्याच्या डोळ्यांवरची झापड उतरत नाही, असं भिंगवाल्या काकांचं ठाम मत होतं. हे मत मांडताना ते बहुतेक वेळा बस डेपोमागच्या गल्लीत पालथे पडलेले असत, आणि कुणीतरी भला माणूस त्यांच्या मनगटावर नाडी शोधत असे.

"मी ठणठणीत आहे," काका जमिनीकडे तोंड करूनच सांगत. "घाबरू नका. फक्त मागे सरताना बघून सरका, तुमच्या टाचेमागे एक कुटुंब राहतं."

भला माणूस टाचेमागे बघे. तिथं फरशीच्या फटीत नखाएवढं हिरवं काहीतरी असे. मग तो काकांकडे बघे, आणि दुखणं नाडीत नसून वरच्या मजल्यावर आहे अशी खात्री करून घेऊन निघून जाई.

काकांचा धंदा चष्म्याचा. काचा घासायच्या, त्या लोकांच्या नाकावर बसवायच्या आणि "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं, यात त्यांची उमर गेली. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी घरी एकच गोष्ट आणली, डोळ्याच्या खोबणीत बसणारं एक भिंग. लोकांना लांबचं दिसावं म्हणून आपण एवढी खटपट केली, पण जवळचं कुणी बघतच नाही, असा त्यांना निवृत्तीनंतर साक्षात्कार झाला. काही लोकांना निवृत्तीनंतर मधुमेह होतो, तसा.

बागेतल्या फुलांबद्दल त्यांना आदर नव्हता. "ती पगारी फुलं," ते म्हणत. "पाणी मिळतं, खत मिळतं, वर माळी सलाम ठोकतो. त्यांनी फुलायचं नाही तर काय करायचं?" काकांचा जीव होता तो बिनपगारी फुलांवर. पन्हाळीच्या तोंडाशी, गटाराच्या कठड्यावर, पडक्या भिंतीच्या सांदीत, कुणी बोलावलं नसताना उगवणारी आणि कुणी बघितलं नाही म्हणून न रुसणारी. यातली कित्येक तिळाएवढी. उभ्या माणसाला ती दिसतच नाहीत. म्हणून काकांनी एक मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं 'पालथं मंडळ'. सभासद दोन. एक काका, ते अध्यक्ष. दुसरे त्यांचे मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस, ते उरलेलं सगळं मंडळ.

नियम तीन होते. फूल तोडायचं नाही. पोटावर पडून, फुलाच्या डोळ्याला डोळा भिडवल्याशिवाय ते 'पाहिलं' म्हणायचं नाही, उभ्यानं दिसलं तर ते फक्त 'आढळलं'. आणि एक सभासद पाहत असताना दुसऱ्यानं त्याच्याशी बोलायचं नाही, गुपचूप शेजारी पडून आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. हा तिसरा नियम करताना दोघांनाही आपण फार सुसंस्कृत असल्यासारखं वाटलं होतं. पुढे त्यानंच घात केला.

काकूंना मंडळात यायचं निमंत्रण दर हंगामात मिळे आणि दर हंगामात त्या ते परत करत. काकू रफूचं काम करायच्या. किमती कापडाला पडलेलं भोक त्या असं बुजवत की कपड्याच्या मालकालाही नंतर ते सापडू नये. "जे फूल मान खाली घालूनसुद्धा दिसत नाही," त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, "त्याला दिसायचंच नसेल. तुम्ही कशाला त्याच्या मागे लागता? आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला हिरवे डाग. तेवढं तुमच्या मंडळाला धुता येत असेल तर विचारा."

त्या हंगामात मात्र प्रकरण गंभीर झालं. डेपोची मागची भिंत आणि लॉन्ड्री यांच्यामध्ये एक रिकामा तुकडा होता, चुना आणि विटांचे तुकडे पडलेला. तिथं काकांना एक वेल सापडली. वेल म्हणजे काय, जमिनीला चिकटून सरपटणारा हिरवा धागाच. पानं ओळखीची नव्हती. कळ्या मोहरीपेक्षा लहान. काकांनी सगळी पुस्तकं पालथी घातली, तपासनीसांनी आपली घातली, आणि दोघांनाही ती कुठं सापडली नाही. त्याच आठवड्यात डेपोवाल्यांनी तिथं पाटी ठोकली की हंगाम संपला की या जागेवर काँक्रीट पडेल आणि बसगाड्या उभ्या राहतील. म्हणजे बघायचं तर याच वर्षी. काकांची झोप उडाली. त्यांना त्या फुलाला नाव द्यायचं नव्हतं, की पेपरात छापून आणायचं नव्हतं. एकदा उघडलेलं बघायचं होतं, बस.

त्या सकाळी कळ्या फुगल्या होत्या. काका नेहमीसारखे आधी गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग पोटावर असे टप्प्याटप्प्यानं उतरले, भिंग डोळ्याला बसवलं, आणि त्यांच्या पाठीवर कुणीतरी शिवणयंत्र आणून ठेवलं. निदान वाटलं तसं. मग ते यंत्र चालू झालं. डावा हात आपला राहिला नाही. मान टिकेना, आणि गाल हळूच जमिनीला लागला.

ओरडावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोंडात माती आली.

लॉन्ड्रीवाला दारात इस्त्री गरम करत होता. कुणीतरी त्याला विचारलेलं काकांना स्पष्ट ऐकू आलं, "अहो, ते गृहस्थ पडलेत का?"

"छे हो, आमचे काका आहेत ते," लॉन्ड्रीवाला कौतुकानं म्हणाला. "फुलं बघतायत. नवीन दिसताय तुम्ही या भागात."

पावलं लांब गेली. मग ओळखीची पावलं जवळ आली. तपासनीस होते. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्ष पाहत आहेत हे पाहिलं, आवाज न करता रुमाल अंथरला आणि ते शेजारी पालथे पडले. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून हलकेच "वा" निघालं. मग तेही नियमाप्रमाणे गप्प झाले.

अशा वेळी माणसाला भीती वाटायला हवी. काकांनाही वाटत होती, पण ती रांगेत दुसरी उभी होती. पहिलं होतं नवल. भिंग अजून खोबणीत होतं, आणि भिंगासमोर एक कळी, इतकी जवळ की भिंग केसभर पुढे सरकलं असतं तर तिला लागलं असतं. कळीवर लव होती. लवेच्या एकेका केसाच्या टोकाला एकेक थेंब होता, आणि प्रत्येक थेंबात डेपोची भिंत उलटी उभी होती. आपण एवढ्या सगळ्या भिंतींच्या समोर मरतोय, असं काकांना वाटलं. आणि उघडायच्या आधीच जातोय, याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात काकू आल्या. काकूंचा जवळचा चष्मा काका सवयीनं खिशात घालून घेऊन गेले होते आणि इकडे एका कोटाचा खांदा अर्धवट राहिला होता. दहा पावलांवरूनच त्यांनी सुरुवात केली, "अहो, दोन दोन चष्मे लागतात का तुम्हाला गवत बघायला?" आणि त्या थांबल्या.

"भाऊजी, उठा," त्या तपासनीसांना म्हणाल्या.

तपासनीसांनी ओठांवर बोट ठेवलं. "वहिनी, पाहतायत ते. नियम आहे."

"त्यांनी वेलीवर गाल ठेवलाय."

"अं?"

"गाल ठेवलाय वेलीवर. जीव गेला तरी हा माणूस असं करायचा नाही," काकू म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत पोहोचायला एक क्षण गेला. मग त्या अशा ओरडल्या की डेपोतल्या एका ड्रायव्हरनं सुटायच्या बेतात असलेली बस बंद केली.

पुढचं काकांना तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. छतावरून मागे मागे सरकणाऱ्या ट्यूबलाइट. कुणीतरी सही मागतंय, काकूंचा आवाज, "कुठं करू ते बोट ठेवून दाखवा, चष्मा त्यांच्या खिशात आहे." मग काहीच नाही. आणि मग एक मोठी खोली, छातीवर पट्टी, आणि कुशीत धरायला दिलेली एक उशी. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची, म्हणजे तारेनं बांधलेलं हाड हलत नाही.

सर्जनबाई तरुण होत्या आणि कमी बोलत. त्यांनी सांगितलं, छातीचं हाड मधोमध कापलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, पायातली शीर काढून नवे रस्ते जोडले. सगळं ठीक झालं.

"म्हणजे तुम्ही माझं हृदय पाहिलंत," काका म्हणाले. त्यांचा आवाज अजून खोल विहिरीतून येत होता.

"पाहिलं. हातातही घेतलं."

"कसं होतं?"

हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नसावा. "उजळ होतं," त्या म्हणाल्या. "रंग फोटोतल्यासारखा नसतो. ओलं, चमकदार. आणि हातात धरलं तरी त्याचं काम सोडत नाही."

"टाके बारीक असतील."

"दोरा केसाहून बारीक असतो. आम्ही डोळ्यांना भिंगं लावतो."

काका उठून बसायला निघाले, आणि उशीची आठवण होऊन परत पडले. "किती पट?"

बाईंनी सांगितलं. काकांनी जाणकारासारखी मान हलवली. "पुरतं तेवढं," ते म्हणाले.

बाई गेल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. जन्मभर आपण वाकून बघणारे. आपल्यावरही कुणीतरी असं वाकलं होतं, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, आणि आपण उघडे होतो, याची आपल्याला खबरसुद्धा नव्हती. फुलांना तरी कुठं असते? हे त्यांनी काकूंना सांगितलं. काकू मोसंबी सोलत होत्या.

"त्या बाईंनी तुम्हाला कापून बघितलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मंडळाच्या नियमात बसतं का ते?"

"तोडलं, पण जोडलंही," काका म्हणाले. "नियमाला अपवाद."

सोडायच्या दिवशी सूचना मिळाल्या. भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. हातांवर भार देऊन उठायचं नाही. वाकायचं नाही. रोज चालायचं, दम लागेपर्यंत नाही, दम लागायच्या आधीपर्यंत.

"काही विचारायचंय?" सर्जनबाईंनी विचारलं.

"पालथं कधी पडता येईल?"

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. "लोक गाडी कधी चालवू विचारतात," बाई म्हणाल्या. "पालथं पडणं, हाड नीट जुळेपर्यंत नाही. म्हणजे हा हंगाम विसरा. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी तिथं बसगाड्या उभ्या असणार होत्या. काकांनी "बरं" म्हटलं. ते इतकं नीट म्हटलं की काकूंना ते मुळीच आवडलं नाही.

घरी आल्यावर काका शहाण्यासारखे वागले. औषधं घेतली, उशी कवटाळली, खोलीतल्या खोलीत चालले. भिंग त्यांनी खणात ठेवलं आणि खण बंद केला. याआधी दिवसातून चार वेळा ज्या माणसाला गप्प बसा म्हणायची काकूंना सवय होती, तो न सांगता गप्प बसला होता, आणि ही गोष्ट रफूनं बुजणारी नव्हती. त्यांनी तपासनीसांना बोलावून घेतलं.

"भाऊजी, तुम्ही जा आणि ते काय फुललंय ते बघून येऊन यांना सांगा. म्हणजे हे बोलायला लागतील."

तपासनीस खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्या दिवसापासून ते खुर्चीत मागे टेकतच नसत. रस्त्यात बाकावर कुणी डुलकी घेताना दिसलं की खांदा हलवून "ठीक आहात ना?" विचारत, आणि त्यावरून त्यांनी दोनदा बोलणी खाल्ली होती. "वहिनी, मला क्षमा करा," ते म्हणाले. "मी आता पालथा पडणार नाही. मित्र शेजारी जातोय आणि मी 'वा' म्हणतोय. अजून कानात आहे माझ्या तो 'वा'."

"अरे, तो 'वा' बरोबरच होता," काका आतून म्हणाले. "कळ्या खरंच सुंदर होत्या." पण तपासनीस डोळे पुसत निघून गेले, आणि जाताना जिन्यात बसलेल्या एका माणसाचा खांदा हलवून गेले.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "चला, फिरायला. बाहेर." उशी त्यांनी बगलेत घेतली, आणि खण उघडून काहीतरी पदराआड केलं ते काकांना दिसलं नाही. नेहमीच्या वळणावर त्या वळल्या नाहीत. काकांनी विचारलं नाही. विचारलं तर त्या भानावर येतील, अशी त्यांना धास्ती वाटली.

तुकडा फुलला होता. उभ्यानं बघितलं तर कुणाच्या हातून पावडरचा डबा सांडावा, तसं भिंतीपर्यंत पांढरं दिसत होतं, एवढंच. काका कडेला उभे राहिले. फुलं त्यांच्या बुटांपासून वीतभरावर होती आणि डोळ्यांपासून एका माणसाच्या उंचीवर, आणि ती उंची उतरायची मनाई होती. त्यांचा उजवा गुडघा सवयीनं वाकला. काकूंनी कॉलर धरली.

"खबरदार."

"आढळलं," काका म्हणाले. "एवढं तर झालं." आणि त्यांनी दुसरीकडे तोंड केलं.

काकूंनी कॉलर सोडली. आजूबाजूला बघितलं. मग चपला काढल्या, पदर खोचला, उशी जमिनीवर टाकली, "देवा, काय वेळ आणलीस" असं ज्याचं त्याला सांगितलं, आणि आधी गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग छातीखाली उशी घेऊन पोटावर अशा टप्प्याटप्प्यानं त्या उतरल्या. पदराआडून भिंग निघालं. सुईच्या नाकाशी आयुष्य काढलेल्या माणसाला भिंग कसं धरायचं हे शिकवावं लागलं नाही.

"काकू पडल्या?" लॉन्ड्रीवाला हातात हँगर घेऊनच धावत आला. आता तो कुणावरही विश्वास ठेवत नव्हता. "श्वास चालू आहे का?"

"हळू बोल," काकू खालून म्हणाल्या. "तुझ्या आवाजानं हलतंय ते."

लॉन्ड्रीवाल्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. तो चवड्यांवर मागे गेला.

मग काकू बोलल्या नाहीत. काका वाट बघत राहिले. ही बाई स्वयंपाक करताना बोलायची, शिवताना बोलायची, झोपेतसुद्धा कुणालातरी धारेवर धरायची. ती आता बोलत नव्हती. काकांना राहवेना. "पांढरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "लांबून वाटतं पांढरं. आतून भरलंय हो. जांभळ्या दोऱ्यानं. एकेरी दोरा, कडेपासून मधोमध नेलाय, आणि कुठं गाठ नाही. मी बारीकातली बारीक सुई काढली असती तरी ओवला नसता असला दोरा."

"पाकळ्या?"

"पाच. पण सुट्या नाहीत. खाली एकमेकींत गेल्यात. शिवण शोधतेय मी. दिसत नाहीये. दिसत नाहीये म्हणजे, नाहीचये." त्यांनी भिंग पदराला पुसून पुन्हा लावलं. "जन्मभर शिवण दिसू नये म्हणून मी डोळे फोडले. इथं कुणी ती ठेवलीच नाही."

काकांना दिसत होतं. काकूंच्या बोलण्यातून ते फूल त्यांच्यासमोर ताटाएवढं उघडत होतं, आणि त्यांच्या छातीत, तारेच्या मागे, नवे रस्ते लावून दिलेलं ते ओलं उजळ काहीतरी आपलं काम करत होतं.

"मधे पिवळं आहे," काकू म्हणाल्या. "दिवा ठेवल्यासारखं. आणि एक किडा आहे हो, टाचणीच्या टोकाएवढा. सगळा पिवळा झालाय. आत चाललाय. दोऱ्या-दोऱ्यानं, वाट माहीत असल्यासारखा." त्यांनी डोकं उचललं आणि भिंतीपर्यंत पसरलेल्या त्या पांढऱ्याकडे पाहिलं. "ही सगळी अशीच आहेत?"

"सगळी."

"एकेक?"

"एकेक. ऊन चढलं की उघडत असतील, ढळलं की मिटत असतील, असा माझा अंदाज आहे."

"आणि इतकी वर्षं आपण काय करत होतो?"

काकांनी खरंच विचार केला. "चष्मे," ते म्हणाले.

"आणि रफू," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा डोळा लावला.

नियमाप्रमाणे ते फूल काकांनी पाहिलं नव्हतं, काकूंनी पाहिलं होतं. काकांनी मनातल्या मनात नियमाला एक पोटकलम जोडलं, आणि अध्यक्षांनी ते एकमतानं मंजूर केलं. मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पाहणारा माणूस कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते कायम खाली असत. आज पहिल्यांदाच ते वर उभे होते. पांढरा अंबाडा, मातीत रुतलेली कोपरं, झिजलेल्या टाचा, आणि हलकेच वरखाली होणारी पाठ. आजूबाजूला ती हजारो फुलं, आणि या एवढ्या मोठ्या देहानं एका तिळापुढे स्वतःला असं पसरून दिलेलं. सर्जनबाई आपल्यावर वाकल्या तेव्हा त्यांना असंच काही वाटलं असेल का? कुणी कुणाला उघडं बघतंय, आणि कुणी कुणाला जपतंय, हे त्या उन्हात काकांना वेगळं काढता येईना. आपण जगलो ते याच्यासाठी, असं काहीतरी फार मोठं त्यांच्या ओठांवर येऊन ठेपलं.

"अहो," काकू न हलता म्हणाल्या.

"बोल," काका कसेबसे म्हणाले.

"माझ्या पाठीवर काहीतरी चालतंय. तेवढं झटका ना."